खालच्या थराचं पोतं

तपासणीला आलेल्या हेडाऊसाहेबांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ भरून बाहेर काढली आणि उघडली. तळहातावर जळणाच्या कांड्या नव्हत्या. ओलसर तपकिरी भुगा होता, रवा दुधात फुगावा तसा.

"हे काय आहे, उषाताई?"

उषाताई ढवळे आमच्या बायांच्या गटाची अध्यक्ष. भर ग्रामसभेत सरपंचाला खाली बसवणारी बाई. तिनं भुग्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

"दुसरं पोतं पाहा न साहेब," मागून कोणीतरी म्हणालं.

"पाहिली ना. वरच्या थराचं पाहिलं, मधल्या थराचं पाहिलं. ती दोन्ही चांगली आहेत. हे खालच्या थराचं."

त्यांनी भुगा एका डबीत दाबून भरला आणि डबी ओल मोजायच्या यंत्रात बसवली. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. आम्ही अकरा जणी त्याच्याभोवती अशा उभ्या होतो, जशा बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाया उभ्या राहतात. काचेमागे आकडे धावले, अडखळले, थांबले.

सतरा पूर्णांक सहा.

"दहाच्या आत पाहिजे," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "एक जरी नमुना दहाच्या वर गेला तरी केंद्र नापास. माझ्या हातात काही नाही, ताई."

मार्चची सत्तावीस तारीख होती. सकाळचे अकरा वाजले होते आणि पत्र्याखाली आताच तव्यासारखी धग होती.

हे केंद्र आमच्या धानोलीत आलं ते त्या वर्षीच्या अर्थसंकल्पामुळे. आदल्या जूनमध्ये हेच हेडाऊसाहेब शाळेच्या ओसरीत बसून आम्हाला सांगून गेले होते. कोळसा कमी जाळायचा असं सरकारनं ठरवलंय, वीज केंद्रांनी कोळशात पिकाच्या काडीपासून केलेल्या कांड्या मिसळायच्या आहेत, आणि असल्या उद्योगांसाठी शासनानं यंदा वेगळी तरतूद ठेवलीय. कापूस वेचून झाला की आमच्याकडे शेताशेतात पऱ्हाटी उभी असते, कपाशीची वाळकी झाडं. लोक ती उपटून बांधावर जाळतात. ती जाळायची नाही, गटानं घ्यायची, वाळवायची, बारीक कुटायची, यंत्रात दाबायची, की खडूएवढ्या कांड्या पडतात. त्या वीज केंद्र विकत घेणार.

"अन् हे सारं कायच्यासाठी?" आमच्या गटातल्या दुरपतामावशीनं विचारलं होतं.

"नेट झिरोसाठी, मावशी. म्हणजे जेवढा धूर आपण हवेत सोडतो तेवढाच परत घ्यायचा. शेवटी शिल्लक शून्य."

"शून्य व्हाले सरकारले एवढा खर्च येते?" मावशी म्हणाली. "आमी तं फुकटात झालो, बाप्पा."

ओसरीभर हसू पिकलं. साहेबही हसले. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं असावं, कारण पुढे तालुक्याच्या सभेत त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितल्याचं कानावर आलं.

तरतुदीचा पहिला हप्ता दिवाळीनंतर आला. त्यात यंत्र आलं, पत्र्याचं शेड उभं राहिलं. जमीन मातीचीच राहिली. सिमेंटची फरशी आणि काडी वाळवायची मोठी भट्टी, जिला साहेब ड्रायर म्हणत, ती दुसऱ्या हप्त्यात होती. दुसरा हप्ता तपासणी पास झाली तर. आणि तपासणी मार्च संपायच्या आत झाली तर, कारण एकतीस तारखेला जे खर्ची पडलं नाही ते परत जातं. शासनाचा पैसा एकदा मार्चच्या उंबऱ्यावरून मागे फिरला की पुन्हा तेच दार शोधत येईल असा नेम नसतो.

भट्टी नव्हती तोवर आमची भट्टी म्हणजे ऊन, आणि उन्हाची कारभारीण दुरपता टेकाम. पन्नाशी ओलांडलेली, काळी, सडपातळ, कपाळावर हिरवं गोंदण. पऱ्हाटी वाळली की नाही हे तिला यंत्राशिवाय कळायचं. ती एक काडी उचलायची, डाव्या कानापाशी न्यायची आणि मोडायची. वाळलेली काडी कट्कन तुटते. ओल असली तर तुटताना आवाज गिळते. "हे अजून गिळून राह्यली," म्हणायची आणि ढीग पुन्हा पसरायला लावायची. कोणी घाई केली की तिचं ठरलेलं उत्तर होतं, "तुही लेक असती तं अर्धी शिजलेली वाढली असती का?" काडी उलटीपालटी करताना गुणगुणायची. ओव्या तिच्याच. त्यातली एक मला तोंडपाठ झाली:

उन्हं बाई आली, पऱ्हाटीच्या भेटी,
ओल घेऊनिया ओटी, गेली माघारी.

मी दहावी पास, म्हणून गटाची सचिव. चोवीस वर्षांची होते. यंत्र चालवायलाही मीच शिकले होते, बसवायला आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरून. केंद्र पास झालं की यंत्रचालकाची पगारी जागा निघणार होती. त्याआधी नागपूरला पंधरा दिवसांचं शिक्षण. त्या सकाळी साहेब गाडीतून उतरताच म्हणाले होते, "नलिनीताई, तुमचं पत्र बॅगेत आहे बरं का. तपासणी झाली की देतो." आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेला पैसा कोणी आणला नव्हता. सासरे, दीर, नवरा, कोणीच नाही.

आणि शेडात पाऊल टाकल्या टाकल्या ते थबकले होते.

"वा! काय सारवलंय! हा हात कोणाचा?"

"नलूचा!" चार जणी एका दमात म्हणाल्या.

"माझ्या आईचं सारवण असंच असायचं," साहेब म्हणाले आणि चपला बाहेर काढून आत आले. सरकारी तपासणीला चपला काढून येणारा माणूस आम्ही तेवढाच पाहिला.

सारवण माझंच होतं. पाहुणे यायचे आणि जमीन उखणलेली, हे आमच्याकडे चालत नाही. आदल्या दिवशी दुपारी मी शेण आणलं, पांढरी माती कालवली, आणि आमच्या आईनं शिकवलं तसे एकावर एक दोन हात दिले. चार बोटांच्या कमानी, एकीच्या खांद्यावर दुसरी, भिंतीपासून दारापर्यंत, मोरानं पिसारा ओढत नेल्यासारख्या. दुरपतामावशी त्या दिवशी गावात नव्हती, भावाकडे गेली होती. पोती रचायच्या आधी ती नेहमी खाली पऱ्हाटीच्या काड्यांचा हातभर जाड थर घालायची. मी सारवायसाठी पोती बाहेर काढली तेव्हा तो थरही उचलला. संध्याकाळी जमीन हाताला कोरडी लागली, तेव्हा बायांना हाक मारली आणि सगळी पोती जशी होती तशीच पुन्हा आत रचून घेतली. काड्यांचा थर तेवढा पुन्हा घातला नाही.

"हे काड्या राहू दे काय वं?" एकीनं विचारलं होतं.

"कचरा दिसते थो," मी म्हणाले होते. "सायेब येऊन राह्यले न उद्या."

आता साहेब यंत्राची डबी पुसत होते.

"खालचा थर म्हणजे पहिली पोती," उषाताई हळूहळू म्हणाली. तिचा विचार जुळत चालला होता. "पहिली पोती म्हणजे आठ तारखेले शिडकावा आला होता न, त्याच्या मागची पऱ्हाटी." ती वळली. "मावशी! मी तवाच म्हटलं होतं, आनखी दोन दिवस ऊन लागू द्या."

दहा तोंडं दुरपतामावशीकडे फिरली. ती त्याच सकाळी गावात परतली होती, पायावरची धूळ अजून धुतली नव्हती.

"वाळली होती," ती म्हणाली.

"मंग हे काय आहे? हे वाळलेलं आहे?"

मावशी पुढे आली. भुगा चिमटीत घेतला, चोळला, नाकापाशी नेला. पोत्याच्या बुडाला हात लावून पाहिला. मग उभी राहिली आणि आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, सावकाश, ती ढिगावरून फिरवायची तशी.

"वाळली होती," ती पुन्हा म्हणाली.

"हेकटपणा पाहा!" गटातली कुसुम म्हणाली. "यंत्र खोटं अन् हिचा कान खरा!"

"यंत्राले काय दोष, ते तं सरकारी आहे," दुसरी म्हणाली, आणि त्या वेळीही दोघी-तिघी हसल्या.

ते पोतं माझ्या पायाशी आडवं पडलं होतं. पांढऱ्या पोत्याच्या बुडाला हिरवट डाग होता. डाग नव्हे, कमान. चार बोटांची. पोतं जिथून उचललं तिथली जमीनही काळपट होती. दोन हात सारवण वरून सुकलेलं, आतून सगळी रात्र पोत्यांना पाणी पाजत राहिलं होतं. इतर कोणाला दिसलं नाही, कारण इतर सगळ्या एकतर यंत्राकडे पाहत होत्या नाहीतर मावशीकडे.

मी वाकले. पोतं उचलून भिंतीशी उभं केलं, बूड भिंतीकडे. त्या काळपट जागेवर शेजारचं पोतं सरकवलं. जड होतं, पण सरकलं. हे करताना मी काही विचार केला असं मला आठवत नाही. हात शेण कालवतात, भाकर थापतात, तसे त्यांनी तेही केलं.

"साहेब, काहीतरी मार्ग काढा," उषाताई म्हणाली. तिनं हात जोडले नव्हते, पण पदर सावरला होता. ती पदर सावरायची तेव्हा समजायचं की बाई वाकली. "अकरा घरं आहेत यावर."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिले. त्यांना आणखी दोन गावं करायची होती.

"एक होऊ शकतं. फेरतपासणी. पण ती मागायला मला कारण लागतं. या तक्त्यात तीन रकाने आहेत, बघा. दोषाचं कारण, जबाबदार व्यक्ती, आणि केलेली उपाययोजना. गटाचा तसा ठराव आत्ताच्या आत्ता लिहून द्या. मी तीस तारखेला पुन्हा येतो. तोवर हा सगळा माल नव्याने काढा. तीसला पास झालात तर एकतीसला कागद कोषागारात पोचतील."

"लिहून देतो न. नलू, काढ वही."

इतिवृत्ताची वही माझ्याच पिशवीत होती. मी भिंतीला टेकून बसले, वही मांडीवर घेतली. तारीख टाकली. ठराव क्रमांक सात.

"लिही," उषाताई सांगू लागली. "कच्चा माल पुरेसा न वाळवता यंत्रात घेतल्यामुळे ओलावा वाढला, हे कारण."

मी लिहिलं.

"जबाबदार, श्रीमती दुरपता लखमा टेकाम, वाळवण प्रमुख."

पेन थांबलं. शाई संपली आहे असं मी दाखवलं, झटकलं, नखावर रेघ ओढून पाहिली. नखावर निळी रेघ छान उमटली.

साहेब म्हणाले, "मावशी, तुमचं काही म्हणणं आहे का? असेल तर तेही लिहू. जमिनीची ओल वगैरे काही..."

"जमीन तं ठणठणीत हाय," कुसुम म्हणाली. "तुमीच म्हटलं न, काय सारवलंय म्हून."

साहेबांनी मान हलवली. मला एवढंच म्हणायचं होतं, सायेब, थ्या पोत्याच्या खाली पाहा. पाच शब्द. पण बॅग त्यांच्या मांडीशी होती, बॅगेत पत्र होतं, आणि तिसऱ्या रकान्याआधी दुसरा रकाना होता. मला तेव्हा वाटलं, त्या रकान्यात ज्याचं नाव जाईल त्याचं पत्र बॅगेतच राहील.

दुरपतामावशी दारात उकिडवी बसली होती.

"लिहा तुमाले काय लिहाचं ते," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "सचिव लिहून राह्यली न? थे लिहीन बराबर."

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या पानावर तर फारच चांगलं आलंय. तिसऱ्या रकान्यात उषाताईनं सांगितलं ते असं: सदर सदस्यास वाळवणाच्या कामातून तात्काळ कमी करण्यात येत आहे. सगळ्यांनी सह्या केल्या. मावशीचा अंगठा शेवटी. शाईचा अंगठा तिनं पदराला पुसला आणि शेडाबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

ते तीन दिवस आम्ही घरी फक्त जेवायला गेलो. जेवढी कांडी होती तेवढी फोडून पुन्हा उन्हात घातली, नवी पऱ्हाटी कुटली. ऊन बेचाळीसवर होतं. मी यंत्रावरून हलले नाही. सारवलेल्या जमिनीवर मी आपण होऊन पुन्हा काड्यांचा थर घातला, चांगला हातभर. "आता कचरा नाई दिसत का?" एकीनं विचारलं. "सायेबाले आता सवय झाली," मी म्हणाले, आणि ती हसली.

दुरपतामावशी तिन्ही दिवस आली. कामातून कमी केलं होतं, येणं बंद नव्हतं. वाळवणाला तिनं हात लावला नाही. पाट्या वाहिल्या, पाणी भरलं. कुसुमला ढिगावर बसवलं होतं. ती काडी कानापाशी नेऊन मोडायची आणि गोंधळून इकडेतिकडे बघायची. एकदा तिनं मावशीला विचारलंच, "हे कसं वाटते?" मावशी डोक्यावरची पाटी न उतरवता म्हणाली, "मले काय विचारतं? मी निष्काळजी." पण चार पावलं गेल्यावर थांबली आणि पाठ न वळवता म्हणाली, "गिळून राह्यली अजून. दुपारवरी थांब."

एकदा टाक्यापाशी आम्ही दोघीच होतो. मी तोंड धूत होते, ती कळशी भरत होती. कळशी भरली, वर आली, काठोकाठ झाली, पाणी सांडू लागलं, तरी ती उचलीना. मी चेहरा पुसला.

"जातो मावशी, यंत्र चालू आहे," मी म्हणाले.

"जा," ती म्हणाली.

तीस तारखेला साहेब आले. वरचं पोतं आठ पूर्णांक दोन. मधलं आठ पूर्णांक सात. खालचं आठ पूर्णांक चार. उषाताईनं टाळ्या वाजवल्या नाहीत, तिनं तोंडात पदर कोंबला आणि ती रडली. साहेबांनी बॅग उघडून माझं पत्र दिलं आणि निघता निघता, गाडीत एक पाय ठेवून, सहज म्हणाले, "अहो, त्या दिवशी खरं तर जमिनीची ओल असती तर मला सोपं होतं. कारण, मातीची जमीन. उपाय, सिमेंटची फरशी. ती तर दुसऱ्या हप्त्यात आहेच. कोणाचं नावही लागलं नसतं." आणि दार लावून घेतलं.

मी नागपूरला गेले. शिकून आले. पगार सुरू झाला. पहिल्या पगारात सासऱ्यांना धोतरजोडी घेतली, त्यांनी ती गावभर दाखवली.

पोळ्याच्या आसपास ट्रकातून भट्टी आली. पिवळी, घरापेक्षा उंच, पोटाला एक गोल काच आणि काचेत काटा. काटा हिरव्या पट्टीत आला की काडी वाळली. आम्ही तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, उषाताईनं पाच सवाष्णींना ओवाळायला लावलं आणि साहेबांनी मोबाइलवर फोटो काढले. मावशी त्या दिवशी आली होती. गर्दी पांगल्यावर भट्टीपाशी गेली, तिच्या गरम पोटावर तळहात टेकवला, मग खाली बसून पदरानं चेहरा पुसला. दुसऱ्या दिवसापासून ती केंद्रावर आली नाही. कापूस वेचायला, निंदायला, मिळेल त्या कामाला जाऊ लागली. रस्त्यात भेटली की "काय नलू, बरी हायेस?" म्हणायची. मी बरी आहे म्हणायचे.

याला अकरा वर्षं झाली. आमच्या केंद्राला आता तीन यंत्रं आहेत. दर मार्चमध्ये नवा अर्थसंकल्प येतो, नव्या तरतुदी येतात, त्यांची नावं मागच्यापेक्षा लांब असतात. मी जिल्ह्यात शिकवायला जाते. ओल, दाब, साठवण, सगळं मीच शिकवते. गेल्या वर्षी कार्यालयानं नव्या केंद्रांसाठी मार्गदर्शिका काढायचं ठरवलं आणि त्यातलं साठवणुकीचं पान मला लिहायला दिलं. मी लिहिलं: कांड्यांची पोती सारवलेल्या जमिनीवर ठेवू नयेत. वरून कोरडी दिसली तरी ओल चढते. खाली काड्यांचा थर घालावा.

ती मार्गदर्शिका घेऊन मी वणीकडच्या एका गावात शिकवत होते. पुढे बसलेल्या एका बाईनं हात वर केला.

"मॅडम, हे बाकी सारं पुस्तकातलं वाटते. हे सारवणाचं मात्र कोणंतरी करून पाह्यलेलं दिसते."

बाया हसल्या. मीही हसले. "आमच्याच गावातल्या एका बाईकडून झालं होतं," मी म्हणाले.

"मंग काय झालं तिचं?"

"काही नाही," मी म्हणाले. "काहीच नाही झालं."

त्या संध्याकाळी बसमधून उतरले ती घरी गेले नाही. सरळ दुरपतामावशीकडे गेले. ऊन कलतं होतं. ती अंगणात बसून सुपात तुरी निवडत होती. नजर अधू झाली होती, दाणा डोळ्यापाशी नेऊन पाहायची.

"कोण?"

"नलू."

"बस."

बसले. पाणी देऊ का म्हणाली, नको म्हणाले. मग मी एका दमात सांगून टाकलं, जसं तोंडातलं कडू थुंकावं. "मावशी, थे खालच्या थराचं पोतं माह्यामुळं भिजलं होतं. मी सारवलं होतं न, अन् तुमच्या काड्या काढून टाकल्या होत्या."

ती दाणे निवडत राहिली. "माहीत हाय."

"कवापासून?"

"त्याच घडीपासून. भुगा नाकाशी नेला तं शेणाचा वास आला. पऱ्हाटीले शेणाचा वास येते का कधी?"

"मंग तुमी तवा बोलल्या काऊन नाई?"

तिनं हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माणूस साधी गोष्ट पुन्हा सांगावी लागली की पाहतो तसं.

"तू बोलशीन म्हून थांबली होती."

शेजारच्या घरात कोणीतरी पाणी ओतत होतं. तो आवाज थांबल्यावर मी विचारलं,

"किती दिवस थांबल्या?"

मावशीनं आठवून पाहिलं. तिला ते नीट सांगायचं होतं असं दिसलं.

"आता माय, चैत गेला. वैशाख गेला. पेरण्या झाल्या. थे भट्टी आली न ट्रकात, तुमी तिले हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला," ती म्हणाली. "त्या दिवसापासून नाई थांबली."

मग तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. एक दाणा उचलला आणि डोळ्यापाशी नेला.